शंभरची की बत्तीसशेची?

"वाळू आहे नुसती! माणसाचा चेहरा म्हणायचा की चाळायला टाकलेली वाळू?"

डार्करूमच्या तांबड्या उजेडात, ट्रेमधला फोटो चिमट्याने हलवत चिमणी पुटपुटली. पन्नाशी उलटली होती, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता, पण स्टुडिओवाल्या थोरल्या भावासाठी ती अजून चिमणीच. फोटो काढायचे दादाने. धुवायचे, छापायचे हिने, अशी दोघांची तीस वर्षांची वाटणी.

इतकी वर्षं दादाची लाडकी फिल्म एकच होती, शंभरची. फिल्मचा आकडा जितका मोठा तितका वेग जास्त, आणि ही सगळ्यांत सावकाश काम करणारी. प्रकाश घोटघोट पिते, तोवर कॅमेरा हलू द्यायचा नाही. मग मात्र गालावरची लव मोजून घ्यावी. जाड दाण्याच्या फिल्मचं नाव काढलं की दादा नाक मुरडायचा. तोच दादा वर्षापूर्वी चारशेच्या फिल्मवर आला आणि आता थेट बत्तीसशेवर. ही बया पापणी लवायच्या आत फोटो टिपते, पण दाणा असा की चेहऱ्यावर मुंग्या सोडल्यासारखा.

"दाण्यात जीव असतो, चिमणे," तो हल्ली सांगायचा. "शंभरची आता बिघडलीय. फोटो मऊ येतो, कडा पुसट. पूर्वीसारखी बनवतच नाहीत मेले."

वहिनीच्या ओठांवर एकदा 'नाचता येईना' एवढं आलं होतं. पुढचं अंगण तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. दादाचा कप ती कित्येक महिने अर्धाच भरत होती. "पूर्ण भरला की तुमच्या गप्पांत गार होतो," म्हणायची. चिमणी ऐकायची आणि बशीकडे बघत बसायची. स्टँडवर कॅमेरा लाव म्हटलं तर दादा उसळायचा, "कुबड्या लागायला मी काय म्हातारा झालो?" त्यापुढे बोलायची तिची छाती नव्हती. खरं सांगितलं आणि त्याने कॅमेरा खाली ठेवला तर? कॅमेऱ्याशिवायचा दादा तिने कधी पाहिलाच नव्हता.

आज फिल्मवाल्याचा फोन यायचा होता. यापुढे तो एकाच प्रकारची फिल्म आणणार होता, वर्षभराची एकदम. कोणती, ते दुपारपर्यंत सांगायचं होतं.

जेवणं उरकल्यावर चिमणीने टेबल पुसलं आणि तीन फोटो मांडले. तिन्हींत वहिनी, तीच खुर्ची, तोच खिडकीचा उजेड. "तीन फिल्म आहेत. मागे लिहिलेलं वाचायचं नाही, दादा. डोळ्यांनी निवड."

"तीन बायका मांडल्यात अहो तुमच्यापुढे," वहिनी म्हणाली, "आणि तिन्ही मीच. पळून जाल कुठे?"

दादा हसला. पहिला फोटो त्याने बाजूला सारला, दुसऱ्यावर जरा रेंगाळला. तिसरा मात्र उचलून खिडकीशी नेला. त्याच्या बोटांत कागद फडफडत होता. खिडकी बंद होती.

"ही पापणी बघ! कानामागचा हा चुकार केस बघ! याला म्हणतात फिल्म. ही तर..." तो थांबला. "ही शंभरची आहे."

"हो."

"हा कधी काढला मी?"

"तू नाही. मी काढला, परवा. स्टँड लावून."

"आणि रोल?"

"तुझ्याच कपाटातला. तू बिघडलेला म्हणून टाकलास ना, त्याच डब्यातला."

वहिनी रिकामे कप उगाच एकात एक घालू लागली. चिमणीला वाटलं, झक मारली आणि हा उद्योग केला. तेवढ्यात फोन वाजला. दादानेच उचलला. फिल्मवाल्याचा आवाज असा खणखणीत की तिघांनाही ऐकू यावा.

"मग साहेब, बत्तीसशेचीच लिहू ना?"

दादाने फोटो टेबलावर ठेवला. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, कागदातल्या आणि मग समोरच्या.

"शंभरची लिही."

"अहो, पण ती बिघडलीय म्हणून तुम्हीच मागे माझ्यावर ओरडला होतात!"

"फिल्म धड आहे रे," दादा म्हणाला. "माझा हात थरथरतो."