अय्यूबचा होकार

मोरा बंदराच्या धक्क्यावर ज्याची स्वतःची होडी होती, तो अय्यूब आता पनवेलात मेहुण्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत चपला सारत बसे. कारण घरातच ठाऊक होतं. जहाजांवरून चोरीचं डिझेल उतरवणाऱ्या सेठला धरायला गुरुदत्त नावाचे सरकारी अधिकारी मोऱ्याला मेकॅनिक बनून आले होते. राहिले अय्यूबच्या पडवीत, जेवले त्याच्या बायकोच्या, हलीमाच्या हातचं. आणि माल कुठे उतरतो ते त्यांना अय्यूबनेच दाखवलं. धाड पडली. सेठ दुबईला निसटला, गावातली पोरं तेवढी आत गेली. पुरावा कुणाकडे नव्हता, पण संशयाला पुरावा लागतो थोडाच! अय्यूबला मासळीसाठी बर्फ मिळेना, खलाशी मिळेनात, मशिदीत शेजारचा माणूस सरकून बसू लागला. शेवटी होडी विकून त्याने गाव सोडलं.

एवढं सोसून एक अभिमान मात्र त्याने जपला होता. मुलीला, अल्फियाला, तो सांगायचा, "साहेबांनी एकट्याने नाही केलं ते. तुझा बाप होता सोबत."

साहेबांची पुढे चेन्नईला बदली झाली. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर तिकडे तमिळ पिक्चर निघाला आणि एका रविवारी दुपारी तो हिंदीत डब होऊन टीव्हीवर लागला. तिघंही जेवण उरकून समोर बसली. लुंगी खोचलेला मेकॅनिक एकेका गुंडाला पाचोळ्यासारखा उडवत होता. पडवी दिसली तशी हलीमा म्हणाली, "या अल्ला, हे तर आपलंच घर!"

मग पडद्यावरचा होडीवाला दारूच्या गुत्त्यात शिरला आणि सेठच्या कानाला लागला, की मेकॅनिक सरकारी माणूस आहे. शेवटी हिरोने त्याला भर धक्क्यावर तुडवला.

अल्फियाने टीव्ही बंद केला. "अब्बा, हे तुम्ही?"

अय्यूबने खटपट करून साहेबांचा नंबर मिळवला. साहेब ओळख विसरले नव्हते.

"अरे, तुझं नाव फुटू नये म्हणून तसं दाखवायला सांगितलं. आता कुणी तुझ्यावर संशय घेणार नाही. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"साहेब, आत्ता?" अय्यूबने विचारलं.

पण साहेबांचं खरं ठरलं. महिन्याभरात मोऱ्याहून बळीराम आला. त्याचा मुलगा आनंदा त्या धाडीत पकडला गेला होता, आणि अय्यूबच्या दारात पहिली शिवी बळीरामनेच दिली होती. आज तो पापलेटं घेऊन आला होता.

"आमी पिक्चर बगितला," तो म्हणाला. "साहेबानं पेपरात सांगितलंय, खरी गोष्ट हाय म्हणून. तूच सेठला सावध केलास, म्हणून तो निसटला. आन् आमी तुला खबऱ्या समजलो! चुकलो रं. गावाला चल. माझी होडी तू चालव, तांडेल हो. खरं हाय ना ते?"

हलीमा पदराचं टोक चावत उभी होती. मोऱ्याला तिची म्हातारी आई होती, आणि तिच्या घरी जायचीही हलीमाला चोरी झाली होती. अल्फिया बापाकडे बघत होती.

"हो," अय्यूब म्हणाला. "मीच सांगितलं होतं सेठला."

बळीरामने त्याला मिठी मारली.

तो गेल्यावर अल्फिया म्हणाली, "मग मला इतकी वर्षं सांगितलंत ते काय होतं?"

"ते खरं होतं."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"खऱ्यावर जगून पाहिलं, बेटा," तो म्हणाला.

ईदच्या आधी नवराबायको मोऱ्याला परतली. मशिदीत लोकांनी त्याला पुढच्या रांगेत जागा दिली. धक्क्यावर पोरंसोरं पिक्चरमधल्या होडीवाल्याची नक्कल करून दाखवत, आणि सगळ्यांबरोबर अय्यूबही हसे. अल्फिया कॉलेजचं निमित्त सांगून मामाकडेच राहिली. फोन आला की ती अम्मीशी भरभरून बोलते. अब्बांना द्यायला अम्मी फोन पुढे करते, तोवर तिने ठेवलेला असतो.