विचारून घेणारी

नणंदेनं माझ्या लेकीचे, ढमीचे कपडे बॅगेत भरायला घेतले, तेव्हा ढमी तापानं कढत होऊन माझ्या खांद्यावर पडली होती. वय दहा महिने, वजन मात्र सिमेंटच्या पोत्याचं.

सहा महिने माझ्याकडे राहू दे, ताई झबल्यांच्या घड्या घालत म्हणाल्या. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. ‘तुझं ते’ म्हणतात. उद्या तुझं ते उसळलं तर पोरीचं काय? नवरा कामावर होता. सासूबाई खिडकीशी बसून होत्या.

प्रश्न खोटा नव्हता. माझ्या कानात अजून एक बाई बोलते. गोळ्यांनी तिचा आवाज बारीक केलाय, तोंड बंद केलेलं नाही. म्हणून मला सवय लागली आहे: मनात काही आलं, कानावर काही पडलं, की आधी विचारून घ्यायचं. दार वाजलं का? नवरा भाजी चिरता चिरता “वाजलं” म्हणतो, नाहीतर “नाही गं, तुझी मैत्रीण.” की आम्ही पुढच्या कामाला लागतो. ढमीला काय, किती वाजता दिलं, त्याचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय. ताई त्याला माझं प्रगतिपुस्तक म्हणतात.

चार वाजता त्यांनी तापाच्या औषधाची बाटली हलवली. कागदावर दुपारची जागा कोरी होती. दे, लवकर दे, पोरगी हातची चालली, कानातली बाई म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. तरी मी ताईंचा हात धरला.

“थांबा. आई, तुम्ही दिलंत का मघाशी?”

आता हिला काय ऐकू आलं, अशा नजरेनं ताईंनी पाहिलं. सासूबाई चष्मा पुसू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, तू आंघोळीला गेलीस तेव्हा दिलं, तीनला. खूण करायची राहिली.

ताईंनी बाटलीचं झाकण लावून ती खाली ठेवली.

“आजाराचे गोडवे मी गाणार नाही,” मी म्हटलं. “माझी दोन वर्षं गिळली त्यानं. पण स्वतःच्या डोक्यावर डोळे झाकून विसंबायचं नाही, हेही त्यानंच शिकवलं. तुम्हाला दोघींना ते कुणी शिकवलेलं नाही. ढमी इथंच राहील.”

“आणि विचारायला घरात कुणी नसेल तेव्हा?”

“तुम्हाला फोन करीन. दिवसातून चारदा. वैतागाल.”

सासूबाई उठल्या, पेन्सिल शोधली आणि तीनच्या पुढे ठळक खूण केली. ढमीच्या मानेला घाम फुटला होता. माझा खांदा भिजला. ताईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग बॅगेतून एक कोरडं झबलं काढलं आणि मला विचारलं, “हे घालू का?”