त्याला कुठलं जमायला

बेसिनच्या भोकात अडकलेला केसांचा पुंजका तिने दोन बोटांनी वर ओढला. तो सहजी येईना. दाढीचे आखूड केस, वाळलेला फेस, टूथपेस्टची थुंकी आणि कुणाच्या तरी कंगव्यातले लांब केस असा सगळा ऐवज एकमेकांत गुंतून बसला होता. एकदाचा तो बाहेर आला तेव्हा मागोमाग करड्या पाण्याचा बुडबुडा फुटला आणि कुबट वास वर आला. तिने पुंजका कागदात गुंडाळून टाकला, ब्रश घेतला आणि बेसिन कडेपासून घासायला सुरुवात केली. साबणाच्या वडीला चिकटलेला केस नखाने खरवडून काढला. जमिनीवरचा ओला टॉवेल उचलला. त्याखाली नवऱ्याची बनियन निघाली, तीही उचलली. स्वयंपाकघरात पातेले गॅसवर चढल्याचा आवाज आला, म्हणजे सासूबाई उठल्या होत्या. थोड्याच वेळात सासरे फिरून येतील, दीड वर्षाची लेक ठमी जागी होईल, आणि मग दिवस कुणाचे ऐकणार नव्हता.

तसे पाहिले तर घाणीची तिला किळस नव्हती. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई होती. माणसाच्या शरीरातून जे जे म्हणून बाहेर पडते ते सगळे तिने बाटल्यांत, डब्यांत आणि काचेच्या पट्ट्यांवर हाताळले होते, आणि नंतर हात धुऊन शांतपणे जेवली होती. लॅबमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, हिच्या नाकाला पडदाच नाही. तरीही या घरात परतून दोन महिने झाले, आणि रोज सकाळी या बेसिनसमोर उभी राहिली की तिला शिसारी यायची. वासाने नव्हे. तिकडे, परदेशातल्या त्या दोन खोल्यांत, बेसिन तिने एकदाही घासले नव्हते. ते नवरा घासायचा. शीळ घालत, कोपऱ्यातला मळ काढायला जुना टूथब्रश राखून ठेवून.

न्याहारीला सगळे एकत्र बसले. ठमी तिच्या मांडीवर होती आणि पावाचा ओला तुकडा टेबलावर चोळून त्याचा लगदा करत होती.

"लॅबमधून परत फोन आला होता," ती म्हणाली. "सोमवारपासून या म्हणाले. आज-उद्यात कळवायचंय."

"चांगलं आहे की," सासरे म्हणाले. ते नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे गृहस्थ होते. "वेळ काय?"

"सकाळची. उपाशीपोटी रक्त द्यायला येतात ना लोक. दुपारी दोनला मोकळी."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"दुपारचं राहू दे. सकाळचं काय? ठमीचं सकाळीच तर सगळं असतं. उचला, धुवा, अंघोळ घाला. माझे गुडघे हे असे. दोनदा खाली वाकले की तिसऱ्यांदा उठवायला माणूस लागतो."

"तो माणूस मी," सासरे म्हणाले. "पण मग मला कोण उठवणार?"

सासूबाईंना हसू आले. पदराने त्यांनी डोळे टिपले आणि लेकाकडे कौतुकाने पाहिले. "आणि ह्याची कचेरी दुपारनंतरची असली तरी ह्याला विचारून काही उपयोग नाही. त्याला कुठलं जमायला!"

त्याला कुणी विचारलेच नव्हते. ती मात्र त्याच्याकडे पाहत होती. त्याने एक वाक्य बोलायचे होते, फक्त एक. तिकडे वर्षभर तिची सकाळची पाळी असताना ठमीचे सारे त्यानेच केले होते. तापात रात्र-रात्र खांद्यावर घेऊन फिरला होता. पोरीच्या अंगावर पुरळ उठले तेव्हा कुठले मलम किती लावायचे, हे डॉक्टरांनी त्याला समजावले होते, तिला नव्हे.

तो टोस्ट चहात बुडवत होता.

"मी?" तो म्हणाला. "अगं आई, मला माझे मोजे सापडत नाहीत."

सगळे हसले. भिजून जड झालेला टोस्ट तुटून कपात पडला. त्याने बोटे बुडवून तो गाळ बाहेर काढला, तोंडात टाकला आणि बोटे एकेक करून चाटली. तिने मान फिरवली.

खोलीत आल्यावर तिने दार लोटले.

"असं का म्हणालास?"

"अगं, आईसमोर काय सांगू? तुझा मुलगा तिकडे ढुंगणं धुवत होता म्हणून?"

"धुवत होतास. छान धुवत होतास."

"तिकडची गोष्ट वेगळी. इथे तिला बघवणार नाही. जीव खालीवर होईल तिचा." मग आवाज खाली आणून, लाडीगोडीने, "आणि मी नाही म्हणतोय का? आण ना ठमीला इकडे. दार लावून घे. मी बदलतो. कुणाला कळतंय?"

हे त्यांचे आल्यापासून चालले होते. दार लावून तो झटपट, सराईत हातांनी पोरीला पुसायचा, पावडर लावायचा, नवा लंगोट बांधायचा. मग घाणीची ती गरम गुंडाळी तो तिच्या हातात द्यायचा, आणि ती हातात घेऊन दिवाणखान्यातून, सासू-सासऱ्यांच्या समोरून, मोरीपर्यंत जायचे काम तिचे. "करते हो पोर बिचारी," सासूबाई म्हणायच्या. त्या कौतुकाने तिला ओकारी यायची.

पण या सोंगाची सुरुवात इथली नव्हती. तिकडे रविवारी सासूबाईंचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. रिंग वाजली की तो हातातले फडके तिच्याकडे फेकायचा आणि सोफ्यावर पाय पसरून बसायचा. ती फडके झेलून ओट्यापाशी उभी राहायची. कधी ठमीची, कधी झाडूची, कधी भाजीच्या डावाची अशी हातोहात बदली व्हायची. फोन बंद झाला की दोघे पोट धरून हसत. एकदा तर घाईत त्याच्या कमरेचा एप्रन तसाच राहिला होता, आणि सासूबाईंनी विचारले तेव्हा तिनेच म्हटले होते, "माझाच आहे, त्याला थंडी वाजत होती." किती हसले होते दोघे त्या दिवशी. आता ते हसणे आठवले की तिला स्वतःच्या तोंडाची चव नकोशी वाटायची.

"लॅबला नऊची वेळ विचारून बघ ना," तो आरशात भांग पाडत म्हणाला. "नाहीतर दुसरी बघू कुठली तरी. घाई काय आहे?"

पलंगावर त्याने टाकलेला टॉवेल चादरीला ओल देत पडला होता. या खेपेला तिने तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी सासूबाईंची धाकटी बहीण आली. मावशी म्हणजे तोंडाचा पट्टा. आल्या-आल्या तिने सुनेला नखशिखान्त न्याहाळले, बिस्किटाचा पुडा फोडला आणि सोफ्याचा मधला भाग पटकावला.

"काय गं, नोकरी धरतेयस म्हणे? पोर कुणाच्या गळ्यात?"

"ठरलं नाही अजून," सासूबाईंनीच उत्तर दिले. "ह्याच्याच्यानं काही व्हायचं नाही. लहानपणापासून मी इकडची काडी तिकडे करू दिली नाही त्याला."

"लाडोबा आहे तुझा, ताई. काय रे सोन्या, बायको दमते की नाही?"

"मी आहे ना तिला धीर द्यायला," तो म्हणाला. मावशी खदखदून हसली.

ठमी सतरंजीवर खेळत होती. खेळता-खेळता ती थबकली, चेहरा लाल झाला, डोळे एका जागी ठरले. सगळ्यांना वास येण्याआधीच तिच्या आईला कळले. ठमी उठली. आईकडे आली नाही, आजीकडे पाहिले नाही. लंगोटाच्या ओझ्याने फेंगडी चालत ती सरळ बापाच्या पुढ्यात गेली, सतरंजीवर उताणी पडली आणि दोन्ही पाय हवेत उचलून वाट पाहू लागली.

मावशीने तोंडाशी नेलेले बिस्किट खाली घेतले.

"अरे वा," मावशी म्हणाली. "तुझ्याकडे आली की रे!"

त्याने नाक चिमटीत धरले. मान मागे टाकली, ओठ वाकडे केले आणि मावशीसाठी जरा मोठ्यानेच म्हणाला, "शीऽऽ! काय घाण! अगं, घे हिला, घे!" आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या कडेने त्याने पोरीचे पाय दूर सारले.

ठमीला वाटले, खेळ आहे. ती हसली आणि पुन्हा पाय वर केले. त्याने पुन्हा सारले. तो चेहरा तिने बापाचा म्हणून कधी पाहिलाच नव्हता. ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली, हसू हळूहळू विरले, आणि तिने आपले पाय स्वतःच खाली घेतले.

ठमीची आई उठली. तिने ठमीला उचलून छातीशी धरले. पाठीवरून ओघळ लागला होता, तो तिच्या हाताला, ब्लाउजला लागला; तिला त्याचे काही वाटले नाही. तिच्या घशाशी जे आले होते ते सोफ्यावर बसलेले होते, आणि अजून नाक धरून हसत होते.

मावशी गेल्यावर ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. सासूबाई ओट्याला टेकून, एका पायावरचा भार काढून उभ्या होत्या.

"ठमी त्याच्यापुढे का जाऊन पडली गं?"

लहान आहे, कळतंय काय तिला, असे उत्तर जिभेवर तयार होते. दोन महिने अशीच उत्तरे चालली होती. तिने नळ बंद केला.

"तिला तेच माहीत आहे, आई. तिकडे तिचं सगळं तोच करायचा."

"सगळं म्हणजे?"

"धुणं, पुसणं, अंघोळ, भरवणं. मी पहाटेच जायचे कामाला."

"आणि घरातलं?"

"भांडी. केर. बाथरूम."

सासूबाईंनी ओट्याची कड धरली. "मी फोन करायचे तेव्हा तर तूच असायचीस. हातात फडकं घेऊन."

"फोन वाजला की तो माझ्याकडे द्यायचा."

"आणि तू घ्यायचीस."

"हो," ती म्हणाली. "घ्यायचे. हसायचो आम्ही."

त्या रागावतील, अशी तिची अपेक्षा होती. तुझ्यामुळे माझ्या लेकावर ही वेळ आली, असे काहीतरी ऐकायची तिने तयारी केली होती. पण सासूबाई गुडघा चोळत होत्या.

"मागच्या महिन्यात मोरी तुंबली," त्या म्हणाल्या. "तू ठमीला लस टोचायला नेलं होतंस. घाण पार पॅसेजपर्यंत आली. मी खाली बसून, हात घालून साफ केली. उठता येईना, तर भिंतीला धरून उठले." त्यांनी पदराने हात पुसले. "तो दारात उभा होता. म्हणाला, 'आई, सांभाळून.'"

बाहेर दिवाणखान्यात टीव्ही लागला. कुणीतरी षटकार मारला असावा, कारण तो एकटाच ओरडला.

"नीट करायचा? बाथरूम?"

"माझ्यापेक्षा नीट."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचे ओठ एका बाजूला ओढले गेले होते, नासलेले दूध तोंडात गेल्यासारखे.

"उद्या किती वाजता निघायला लागेल तुला?"

"साडेसहाला."

"ठमीचे कपडे कुठे असतात, त्याला ठाऊक आहे?"

"सगळं ठाऊक आहे."

"मग कर फोन त्यांना."

तिने तिथेच, ओल्या हाताने लॅबला फोन केला. नवऱ्याला तिने जेवताना सांगितले. त्याने आईकडे पाहिले. आई ताटात पाहत होती.

"बघ," तो खोलीत येऊन म्हणाला, "उगीच जिवाला लावून घेत होतीस. म्हटलं नव्हतं, आई सांभाळून घेईल?"

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा दिवाणखान्यात सासरे किल्ली हातात घेऊन गोंधळलेले उभे होते. शेजारी खुर्चीत बसून सासूबाई कॅनव्हासच्या बुटांचे बंद बांधत होत्या. बूट कोरे होते. सासऱ्यांनी कधीतरी हौसेने आणलेले.

"हिला आज फिरायला यायचंय म्हणे," सासरे हळूच म्हणाले. "एवढी वर्षं मागे लागलो तेव्हा नाही आली."

"आज येतेय ना? मग चला," सासूबाई म्हणाल्या. "दार नुसतं ओढून घ्या. घरात माणूस आहे."

तिघे जिना उतरू लागले. सासूबाईंनी एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने सुनेचा दंड. पायरीपायरीवर दोन्ही पावले टेकवत त्या उतरत होत्या. पहिला मजला यायच्या आत वर ठमी रडायला लागली. आधी कुरकुर, मग नेहमीचा सकाळचा टाहो.

"आई!" वरून त्याचा झोपाळू आवाज आला. मग जरा मोठ्याने, "आईऽऽ! अगं, हिने केलंय बघ!" आणि मग बायकोच्या नावाने, दोनदा.

सासरे थांबले. "तो हाक मारतोय."

"ऐकू येतंय मला," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची पायरी उतरल्या.

ती मात्र पायरीवर मागे वळली. पोरगी रडत होती, आणि दंडावरची म्हातारी पकड घट्ट होती. वर दरवाजे उघडल्या-मिटल्याचे आवाज झाले. पावले या खोलीतून त्या खोलीत धावली. मग काही क्षण फक्त रडणे. मग जिन्याकडच्या खिडकीतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला, आणि जवळजवळ त्याबरोबरच ठमी गप्प झाली. पाणी ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पोरगी खिदळली, आणि कुणीतरी शीळ घातली.

सासूबाई जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. वर बघितले नाही त्यांनी. खिडकीतून येणारा तो आवाज त्या नीट ऐकत होत्या.

"इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या.

सासरे किल्ली खिशात घालून पुन्हा बाहेर काढत होते.

सासूबाईंनी सुनेच्या दंडावरचा हात सोडला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या त्या एकट्याच उतरायला लागल्या.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "माणसं उपाशी बसली असतील."