दारावरच्या पाटीची पाठ

समोरून

मी एक जुनी पितळी पाटी आहे. दारावरच्या नावाची. मित्रांनो, माझा जन्मच चुकीतून झाला. एका डॉक्टरांचं नाव कोरताना कारागिराची छिन्नी घसरली आणि नावाच्या मधोमध चर पडला. त्याने कपाळावर हात मारला. पण चुकलेली पाटी फेकायची नाही, उलटून वापरायची, हा त्याच्या दुकानाचा शिरस्ता. मग त्याने माझ्या दुसऱ्या बाजूला स्वतःचं नाव कोरलं आणि मला दुकानावरच्या माडीत, घराच्या दाराला स्क्रूंनी पक्कं केलं.

"आमच्या नावाच्या पाठीला एक डॉक्टर चिकटलाय," त्याची लेक पाहुण्यांना सांगायची. "तरी घरातला खोकला काही हटत नाही!"

माझ्या पाठीवर काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पुन्हा कोणी पाहिलं नाही.

मागून

एके दुपारी घरात कोणी नसताना कारागिराने मला उतरवलं. त्याची सारी बचत क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, वॉलेटमध्ये होती. फोन बिघडला, तर ती परत मिळवायची एकच वाट: बारा शब्द, ठरलेल्या क्रमाने. कागद भिजतो, जळतो. फोटो काढला, तर तो कुठे पोचेल याचा नेम नाही. पितळाचा मात्र त्याला भरवसा होता. चिरलेल्या नावाखाली त्याने एकेक अक्षर ठोकलं आणि मला पुन्हा दाराला लावलं.

माझा पहिला शब्द होता...

नाही. सांगणार नाही. सवय जात नाही.

ती बचत दुकानाच्या गाळ्यासाठी होती. "मालकाने विकायला काढला की लेकीच्या नावावर घेऊ," असं तो बायकोला म्हणायचा. शब्द कुठे आहेत ते मात्र 'सांगू सावकाश' यातच राहिलं. एका सकाळी जिना उतरताना त्याचं हृदय थांबलं. हातातला फोन पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि फुटला.

पुढे मालकाने गाळा खरंच विकायला काढला. मायलेकींनी गाद्या उसवल्या, डबे पालथे घातले, हत्यारांच्या मुठीसुद्धा खोलून पाहिल्या. कुणा भामट्याचा फोन आला: "तुमचे बारा शब्द सांगा मॅडम, आम्ही वॉलेट उघडून देतो."

"शब्द असते तर तुझ्याशी कशाला बोलत बसले असते रे?" लेक कडाडली.

शाब्बास, म्हणावंसं वाटलं. पण पाटीला तोंड कुठलं?

आई मला रोज पुसायची. नावावरून फडकं फिरवताना पुटपुटायची, "अहो, निदान खूण तरी सांगून जायची." तिच्या बोटांपासून शब्द पत्र्याच्या जाडीएवढे दूर होते. माझ्यात सगळं होतं, आणि माझ्यासारखं एकटं त्या घरात कोणी नव्हतं.

पुन्हा समोरून

गाळा दुसऱ्याने घेतला. त्याच्याबरोबर माडीही गेली.

"त्यांचं नाव परक्याच्या दारावर नको," आई म्हणाली. लेकीने स्क्रू काढले. "बघू तरी आपला डॉक्टर कसा आहे!" म्हणत मला उलटलं, आणि तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. आधी तिने सामान उतरवणाऱ्या हमालांकडे पाहिलं, मग मला छातीशी घट्ट धरलं. कारागिराचीच लेक ती.

बचत मिळाली. तिने ती नव्या वॉलेटमध्ये हलवली. नवे शब्द कुठे ठेवलेत, ते आईच्या कानात सांगितलं. मला नाही सांगितलं, बरोबरच केलं. पण गाळा गेला तो गेलाच. ज्या खिडकीपाशी बापाने तिच्या हाती पहिल्यांदा छिन्नी दिली, तिथे आता दुसऱ्याची कपाटं आहेत.

मित्रांनो, गुपित जरूर जपा. मागणाऱ्याला देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. पण ते कुठे आहे, हे आपल्या एका तरी माणसाला वेळेत सांगा. माझ्यासारख्या मुकीच्या भरवशावर राहू नका.

त्या दिवशी टेम्पोत लेकीने मला मांडीवर पालथं धरलं होतं. शब्दांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा, मला तरी सांगायचं होतं ना."

माझ्या पाठीशी पहिल्यांदाच कोणी बोलत होतं. ती उत्तराची वाट पाहत राहिली. माझ्यापाशी त्याचे बाराही शब्द होते. त्यांत उत्तर नव्हतं.