कुंडलच्या चढावर थबकणारा मेंदू

टप्. दुपारच्या सामसूम घरात माठाखालच्या थाळीत एक थेंब पडला आणि मी फळीवर शहारलो.

मित्रांनो, हसू नका. साखरेच्या डब्यामागे जी चपटी, राखाडी, धातूची पेटी दिसते, ती म्हणजे मी. एकेकाळी मी एका थोरल्या ट्रकचा मेंदू होतो. आता जुना झालो आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. ती का, तेच सांगतो.

माझा जन्म सातासमुद्रापार, एका थंडगार कारखान्यात झाला. तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या एका संस्थेनं १९९७ साली परदेशातून थंडपेटीचा ट्रक मागवला, त्यात बसून मी इकडे आलो. तोवर इथल्या ट्रकांना मेंदू नसायचा. ड्रायव्हरचा पाय आणि मिस्त्रीचा कान यांवरच त्यांचं भागायचं. मला मात्र कितीतरी तारांवरून सारख्या बातम्या यायच्या. इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, सगळं मला कळायचं, आणि मी म्हणेन तेवढंच डिझेल इंजिनाला मिळायचं.

"हत्ती लय शाणा हाय गड्या. नुसता पाय ठेवायचा अवकाश," असं ट्रकला लाडानं हत्ती म्हणणारा आमचा ड्रायव्हर तानाजी सगळ्यांना सांगायचा. मी फुलून जायचो.

प्रत्येक खेपेआधी ट्रक तानाजीच्या दारात उभा राही. त्याची बायको विजयमाला कानाशी हलवून हलवून सगळ्यात जास्त पाण्याचा नारळ निवडायची. तो फोडला की बाकीचे ड्रायव्हर पाणी चाकांवर शिंपडतात. तानाजीची रीत वेगळी. "पैला घोट इंजनाला," म्हणत तो पुढच्या जाळीतून सगळं पाणी आत ओतायचा. नेमका त्या जाळीच्या आत, केबिनच्या पायाशी मी बसलेलो. ते गोडसर थेंब माझ्या अंगावर पडायचे. माया होती ती. खरं सांगतो, मला आवडायची.

दुसऱ्या हंगामात ते सुरू झालं. कुंडल मागं टाकून ट्रक चढाला लागला, त्याचं नाक वर झालं, आणि माझ्या एका तारेवर कुणीतरी दुसरंच बोलू लागलं. इंजिन जोरात फिरत होतं, पण ती तार कुजबुजत होती, "थांबलंय... इंजिन थांबलंय..." मी घाबरून डिझेल तोडलं. ट्रक थबकला. ड्रायव्हरसमोरच्या फळीवरचे सगळे दिवे एकदम पेटले. उभ्या गाडीत वेगाचा काटा ऐंशीवर जाऊन थरथरत राहिला. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बाभळीखालच्या खोपटातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. ती दगडाबाई. पूर्वेच्या दुष्काळी भागातून येऊन चार शेळ्यांवर एकटी राहणारी.

"पानी पी लेकरा," ती म्हणाली. "गाडी बी दमती कवातरी."

तानाजी पाणी प्यायला, बाभळीखाली बसला. अर्ध्या तासानं त्यानं किल्ली फिरवली, तर ट्रक काही झालंच नाही असा सुरू!

पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच बाभळीशी. त्याच्या पुढच्या खेपेलाही. आणि दर वेळी दगडाबाई तांब्या घेऊन उभी.

घरी तानाजीनं हे सांगितलं, तेव्हा ट्रक दारातच उभा होता आणि मी ऐकत होतो. विजयमालाचा आवाज बारीक झाला. "दर बारीला तीच असती व्हय तिथं? आवं, तिच्या नजरंत काय तरी हाय. तिच्या हातचं पानी पिऊ नगा."

दगडाबाईवर पहिलं बोट उठलं ते असं, नवऱ्याच्या काळजीनं.

त्या दिवसापासून एका नारळाचे तीन झाले, मग पाच. पाणी वाढलं तशी माझ्या तारांवरची कुजबुजही वाढली. कधी इंजिन पेटल्याची खबर येई, कधी गोठल्याची. कोणती तार खरी, कोणती खोटी, मला कळेना. तिकडे दगडाबाईचं दूध कुणी घेईना. कुणीतरी मारलेल्या दगडानं तिच्या एका शेळीचा पाय मोडला. संस्थेचे मॅनेजर बाळासो म्हणाले, "म्हातारीला अमावास्येच्या आत तिथनं उठवा. माल नासला तर बंदरावर तोंड कुणी दाखवायचं?"

दोषी मी होतो, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

अमावास्येला चार दिवस उरले असताना संस्थेनं बोलावलेले सुमंतराव साताऱ्याहून ट्रक तपासायला आले. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोन दिवस ते मीटर लावून एकेक तार तपासत बसले. ट्रक उभा होता, नारळ फुटत नव्हता, मी कोरडा होतो. सगळं ठीक!

"भूत असलं तर तेही मीटरवर दिसायला पाहिजे," ते वैतागून म्हणाले. "उद्या मी खेपेवर बरोबर येतो."

सकाळी तानाजीनं पाच नारळ फोडले आणि जाळीतून पाणी ओतलं.

"अरे, रुको! काय करतोयस?" सुमंतराव ओरडले.

"इंजनाला घोट, सायेब. रोजचाच हाय."

सुमंतरावांनी जाळी उघडली, माझ्या तारांचा प्लग उपसला. पिना हिरव्यागार झालेल्या. खवट खोबऱ्याचा वास सुटला.

"चढावर नाक वर झालं की साचलेलं पाणी मागं सरकतं, थेट या पिनांवर. इंजिनाच्या धगीनं वाळलं की गाडी चालू. म्हणून दर वेळी तीच जागा. तानाजीराव, तुमचं भूत शाकाहारी आहे!"

त्यांनी माझं झाकण काढून आत पाहिलं. "आतूनही खाल्लाय. हा गेला. नवा मागवा."

तानाजी तसाच पायांत चपला न घालता एसटीनं कुंडलला गेला. खोपटाचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. शेळ्यांचे खुंटे तेवढे जमिनीत होते. म्हातारी अमावास्येची वाट न बघता पहाटेच पूर्वेकडं निघून गेली होती. लंगडी शेळी खांद्यावर घेऊन, असं कुणी म्हणालं. कुठं गेली, ते कुणी विचारलं नव्हतं.

तानाजीनं मला घरी आणून या फळीवर ठेवलं आणि वीस दिवसांनी माझ्या जागी नवा मेंदू बसला. त्याच्यावर रबरी टोपण आहे. ट्रक आता तो चढ न अडखळता चढतो, पण बाभळीशी आला की तानाजीच ब्रेक दाबतो, असं ऐकतो.

माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. यंत्र थबकलं तर आधी त्याचं झाकण उघडा. माणसाकडं बोट दाखवायची घाई करू नका. मला बदलून नवा आणता आला. तसं सगळ्यांचं होत नाही.

आज दुपारी तानाजीच्या सहा वर्षांच्या लेकीनं, मायानं, मला फळीवरून काढलं. "आये, ह्यो डबा कशाचा?"

विजयमालानं लेकीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. नारळ, चढ, शेळ्या, आणि पहिलं बोट कुणी दाखवलं तेही. काही लपवलं नाही. माया माझ्या हिरव्या पिनांवरून बोट फिरवत ऐकत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मंग आये, दगडाबाईला कुणी सांगितलं का, तिचं काय चुकलं न्हवतं म्हून?"