मुठीचे तांदूळ

फुलसावंगीच्या टिनाच्या प्रार्थनाघराची एक रीत आहे. स्वयंपाकाला बसली की बाईनं देवाच्या नावानं मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकायचे, अन् महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो डबा पुढच्या टेबलावर रिकामा करायचा. कांताबाईचा डबा तीन महिने टेबलावर आला नव्हता. पोरगी गेली, बाई खचली, असं म्हणून कोणी विचारलं नाही.

कारण वेगळंच होतं.

तिच्या प्रेरणाला लहानपणापासून मिरगी. उन्हाळ्यात पाळकांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अन् पुढं दोन महिने एकदाही फिट आली नाही. कांताबाईचा आनंद पोटात माईना. रविवारी उठून तिनं सगळ्यांसमोर साक्ष दिली, की येशूनं माझी पोरगी बरी केली. लोकांनी हालेलुया म्हटलं, बायांनी पदरानं डोळे पुसले. निघताना पाळकांनी बजावलं, डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या बंद करू नका. पण ती कुठली ऐकते बाप्पा. भर मंडळीत साक्ष द्यायची अन् घरी येऊन पोरीच्या हातावर गोळी ठेवायची? देव म्हणेल, भरवसा नव्हता तर उभी कायले राह्यली? उरलेलं पाकीट तिनं मुठीच्या डब्यात तांदळाच्या तळाशी दाबून टाकलं. प्रेरणानं दोनदा विचारलं, आई, गोळी? दोन्ही वेळा कांताबाईनं तिला गप्प केलं.

गोळ्या बंद केल्याच्या बाराव्या दिवशी प्रेरणा नाल्यावर कपडे धुवायला गेली. तिथं फिट आली अन् ती पालथी पडली. घोट्याएवढ्या पाण्यात अठरा वर्षांची पोरगी गेली.

मातीला आलेले सगळे म्हणाले, देवाची मर्जी. कांताबाईनं नुसती मान हलवली. पाप आपलं अन् आळ देवावर, हे तिला आतून जाळत होतं. रविवारी ती जायची, ओठ हलवायची, पण प्रार्थना म्हणून एक शब्द निघत नव्हता. ज्याच्यावर खोटा आळ येऊ दिला त्याच्याशी बोलायचं तरी कोणत्या तोंडानं? तरी स्वयंपाकाला बसली की हात आपोआप मूठ काढायचा. जुनी सवय, मेली जात नाही. डबा गळ्यापर्यंत भरत आला.

मग महिन्याचा शेवटचा रविवार आला अन् तांड्यावरची बिजलीबाई सोबतीला दारात उभी राहिली. तिच्या नातवाला, बंटीला, तीच मिरगी. म्हातारीचा चेहरा फुलला होता. महिनाभर फिट नव्हती अन् आज ती साक्ष देणार होती.

"अन् गोळ्या?" कांताबाईनं विचारलं.

"साक्ष देल्यावर गोळ्या कायले, बाई? आजपासून बंद."

कांताबाई घरात गेली अन् डबा काखेत घेऊन आली. दारातल्या दारात बिजलीबाईला सांगून भागणार नव्हतं. चूक मंडळीत झाली होती, मंडळीतच फेडायची होती.

साक्षीची वेळ झाली. बिजलीबाई पदर सावरत उठायला लागली, पण कांताबाई आधीच टेबलापाशी पोचली होती. तिनं डबा उपडा केला. तांदळाचा ढीग झाला अन् शेवटी त्याच्यावर गोळ्यांचं पाकीट पडलं.

"ह्या माह्या प्रेरणाच्या गोळ्या. साक्ष देल्यावर म्याच बंद केल्या. पोरगी मागत होती, म्या देल्ल्या नाही. देवाचं नाव नका घेऊ. तिले म्या मारलं." मग ती बिजलीबाईकडे वळली. "बंटीले गोळी दे व माय. देव कुठी पळून नाही जात."

कोणी हालेलुया म्हटलं नाही. बिजलीबाई मटकन खाली बसली, अन् तिनं बंटीला पोटाशी ओढलं.

पाळक प्रार्थनेला उठले. कांताबाईनं हातानंच त्यांना थांबवलं. तांदळाच्या ढिगापाशी ती गुडघ्यावर बसली.

"बापा," ती म्हणाली.

तीन महिन्यांनी निघालेला तेवढाच शब्द. पुढचं काही सुचेना. मग रडत रडत ती तेच म्हणत राहिली, अन् आमेन म्हणायला सगळी मंडळी थांबून राहिली.