चार टिचबटणांचं फडकं

"बाबा, ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!"

मिस्त्रींनी ब्रेक दाबलाच होता. चांगला बोट रोवून दाबला होता. पण पडद्यावरचा ट्रक ऐकेल तर शपथ! चित्र जागच्या जागी थिजलं, कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा भुईचक्रासारखा किंचाळला, आणि दोन-तीन क्षणांनी सगळं भानावर आलं तेव्हा अठरा टन काचसामान भरलेला मिस्त्रींचा ट्रक टोलनाक्याच्या खांबाला मिठी मारून उभा होता.

"गेलं," मिस्त्री म्हणाले. "सगळं काचसामान गेलं."

हेडफोनमधून लेक हसली. पण नेहमीसारखी खळखळून नाही.

लेक दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी सकाळी अकरा वाजता ती तिथून आणि मिस्त्री इथून, असे दोघं या खेळातले ट्रक घेऊन निघायचे. ती पुढे, मिस्त्री मागे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी मिस्त्री वळताना इंडिकेटर द्यायचे आणि लेक म्हणायची, "बाबा, कुणाला दाखवताय?" मिस्त्री म्हणायचे, "शिस्त म्हणून काही असते की नाही?" खेळ बाजूलाच राहायचा. त्या तास-दीड तासात ती ऑफिसातल्या खडूस बाईबद्दल बोलायची, घरमालकाबद्दल बोलायची, कधी कधी आईबद्दलही बोलायची. डोळे रस्त्यावर असले की माणूस मोकळं बोलतो, हे मिस्त्रींना सत्तरीला टेकल्यावर कळलं होतं.

"बाबा, आत्ता तापमान किती दाखवतंय? पडद्यावर उजव्या कोपऱ्यात बघा."

"ब्याण्णव."

"बापरे! म्हणूनच अडखळतंय. फार तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच वेग कमी करतं. बाबा, मला भीती वाटते. घरात तुम्ही एकटे, त्यात हे असं तापलेलं मशीन. पुढच्या रविवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर बंदच करू या आपण हे."

"बंद?"

"फोन आहेच की."

फोन! फोनवर बापलेकीचं काय बोलणं व्हायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. जेवलात का? जेवलो. तू? मी पण. तब्येत? बरी आहे. मग ठेवू? ठेव. मिस्त्रींची बायको होती तेव्हा फोन तिच्याकडे असायचा, ती तासभर बोलायची आणि शेवटी "हे घे, बाबांशी बोल" म्हणायची, की मिस्त्री म्हणायचे, "बरी आहेस ना? मग झालं." बायको जाऊन दोन वर्षं झाली. पहिले सहा महिने बापलेक फोनवर एकमेकांची शांतता ऐकत बसायचे. मग एकदा लेक सुट्टीला आली आणि कॉलेजात असताना घेतलेल्या आपल्या जुन्या मशीनवर तिने बापाला ट्रक चालवायला शिकवला. तिथून पुढे त्यांना एकमेकांशी बोलता यायला लागलं. आता तेही बंद झालं तर उरलं काय?

"दुरुस्त होईल," मिस्त्री म्हणाले. "चौतीस वर्षं मशीनच दुरुस्त केली आहेत मी."

ते खरंच होतं. मिस्त्री म्हणजे पाण्याच्या पंपांचे मिस्त्री. कारखान्यातले पंप, इमारतींचे पंप, विहिरीवरचे पंप. लोक त्यांना नावाने कमी आणि मिस्त्री म्हणूनच जास्त ओळखायचे. पंपावर नुसता तळहात ठेवून आत बेअरिंग बोलतंय की शाफ्ट, ते सांगायचे. पण हा काळा डबा त्यांना दाद देईना. सोमवारी त्यांनी त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. फॅनने टेबलावरची सगळी बिलं घरभर उडवली. डबा मात्र तापायचा तो तापलाच.

मंगळवारी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. कामाला चोख होत्या. बाजूचं झाकण उघडून त्यांनी आतली धूळ फुंकून काढली, मुख्य चिपवरची, उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, सगळं बंद केलं आणि चालवून बघितलं. नव्वद.

"काका, सात वर्षांचं मशीन आहे. वय झालं आता त्याचं. निवृत्त करा."

"माझं त्याच्या दसपट झालंय बाई," मिस्त्री म्हणाले. "मला कुणी निवृत्त करायला आलं तर मी पाना फेकून मारीन."

बाई हसल्या, पण मान हलवूनच गेल्या.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिस्त्रींनी त्या डब्याभोवती घिरट्या घातल्या. डबा बायकोच्या शिलाई मशीनला खेटूनच ठेवलेला होता. मिस्त्री वैतागले की चष्मा काढायचे, खिशातल्या काळ्या फडक्याने खसाखसा पुसायचे आणि पुन्हा लावायचे. हे फडकं त्यांना शिलाई मशीनच्या खणात सापडलं होतं, ती गेल्यानंतर आवराआवर करताना. वीतभर कापड, पातळ, जाळीदार, चारी कोपऱ्यांना बोटभर पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला एक टिचबटण. कुणाच्या तरी कॉलरचं अस्तर असेल, नाहीतर अर्धवट राहिलेली पिशवी. कशाचं का असेना, चष्म्याची काच त्याने छान निघायची, आणि ती ज्याला हात लावून गेली ते खिशात असावं असं त्यांना वाटायचं. कुणाला सांगायचे नाहीत, एवढंच.

शनिवारी त्यांनी लेकीला फोन केला.

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"हो."

शांतता.

"बरं, ऐक," मिस्त्री घाईने म्हणाले. "त्या बाई म्हणतात वय झालंय. मला नाही पटत. काय करून बघू?"

लेकीचा आवाज लगेच बदलला. "बाजूचं झाकण उघडं टाकून चालवा. मग आकडा सांगा."

मिस्त्रींनी झाकण काढलं, ट्रक सुरू केला, अर्धा तास चालवला. आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर जाईना. गाडी अडखळेना की पंखा किंचाळेना.

"झालं की मग! असंच उघडं ठेवतो."

"मुळीच नाही. आत पंखे फिरतात. तुम्ही बोट घालाल."

मिस्त्रींच्या डाव्या तर्जनीचं एक पेर पंपाच्या पट्ट्याने केव्हाच नेलं होतं, त्यामुळे या मुद्द्यावर त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

"पण एवढं कळलं ना," लेक म्हणाली, "की मशीन धडधाकट आहे. झाकण लावलं की त्याला हवा पुरत नाही. पुढून आत यायला हवी ती येत नाहीये."

फोन ठेवला आणि मिस्त्री शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. पुढून आत यायला हवी ती येत नाही. आत यायला हवी...

"सक्शन!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की खिडकीतलं कबुतर उडालं.

अरे गाढवा! चौतीस वर्षं लोकांना काय सांगत आलास तू? पंप पाणी फेकत नसेल तर मोटर खोलत बसू नका, आधी पाण्यात बुडालेल्या सक्शन पाइपाचं टोक वर काढा आणि तिथली जाळी बघा. दहातल्या आठ वेळा जाळीतच गाळ अडकलेला असतो. दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचं, आणि स्वतःच्या घरात आठवडाभर बाकी सगळं बघायचं, जाळी तेवढी नाही!

त्यांनी मशीन बंद केलं, पिन काढली आणि डब्यापुढे मांडी ठोकली. पुढचं झाकण काळ्या जाळीचं. वरून पुसलेलं, लख्ख. खालच्या कडेला बोटं जातील एवढी खाच होती. तिच्यात बोटं घालून त्यांनी बेताने ओढलं. खट्ट झालं आणि झाकण हातात आलं.

झाकणाच्या आतल्या अंगाला काहीतरी राखाडी, जाड, घोंगडीसारखं चिकटलेलं होतं. धूळच ती, बोटभर थर. मिस्त्रींनी नखाने टोकरलं. धुळीचा पापुद्रा निघाला आणि खाली कापड दिसलं. काळं, पातळ, जाळीदार. चारी कोपऱ्यांना बोटभर पट्टे. पट्टे झाकणाच्या कंगोऱ्यांना गुंडाळलेले आणि प्रत्येकाला एक टिचबटण.

मिस्त्रींचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी चष्म्याचं फडकं काढून त्याच्याशेजारी धरलं. माप तेच. पट्टे तेच. काठाची बारीक, दुहेरी टीप तीच. आणि ती टीप कुणाची हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती; बेचाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर होती ती.

"अगं," ते नुसतंच म्हणाले.

मग त्यांना दोरी आठवली. दर रविवारी सकाळी दोरीच्या टोकाला, रुमालांच्या पलीकडे, एक काळा तुकडा वाळत असायचा. त्यांनी तो शेकडो वेळा पाहिला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्याच घरातली ही धूळ अडवणारी जाळी दर आठवड्याला निघत होती, धुतली जात होती, परत लागत होती, आणि मिस्त्री म्हणवणाऱ्या माणसाला पत्ता नव्हता. ती गेली, त्या दिवसापासून ती जाळी कुणी काढलीच नाही.

रविवारी अकरा वाजता लेक खेळात आली. मिस्त्रींनी आधी आकडा सांगितला नाही. आधी फडक्याची गोष्ट सांगितली. खणात सापडलेलं आणि जाळीमागे दडलेलं, दोन्ही.

"ऐकतेस ना?"

"बाबा," लेक म्हणाली, "आई मला रविवारी सकाळी मशीन लावू द्यायची नाही. आठवतं? थांब म्हणायची, बाराच्या आत हात लावायचा नाही. केवढी भांडायचे मी! मला वाटायचं, तिला माझं खेळणं बघवत नाही."

"वाळत असायचं ते तोवर," मिस्त्री म्हणाले.

"एकदा तर मी तिला म्हणाले, तुला यातलं काय कळतं? आणि पुढच्याच महिन्यात तिने अडवणं सोडून दिलं. मला वाटलं, आईने माझ्यापुढे हात टेकले."

मिस्त्रींनी टेबलावर ठेवलेला चष्मा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"हात कसले टेकतेय ती," ते म्हणाले. "दुसरं शिवलं तिने. एक वाळेपर्यंत दुसरं लावायचं. तुझा खोळंबा नको म्हणून."

लेक रडली. मिस्त्रींनी रडू दिलं. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. फोन असता तर एव्हाना दोघांनी ठेवून दिला असता. इथे दोन ट्रक टोलनाक्यापाशी इंजिन चालू ठेवून शांत उभे होते, एकामागे एक.

"मला वेडीला तेव्हा कळलं असतं तर," लेक म्हणाली.

"मलाही नाही कळलं. मी तर मिस्त्री."

ती रडता रडता हसली. मग नाक ओढून म्हणाली, "तापमान सांगा."

"सदुसष्ट."

"खोटं!"

"आईशपथ सदुसष्ट. आता चल. अठरा टन काचसामान आहे, आणि या वेळी एक तडासुद्धा जाऊ द्यायचा नाही."

लेकीचा ट्रक हलला. मिस्त्रींनी चष्मा लावून आरशात बघितलं, मागे कोणी नव्हतं, पुढे लेकीखेरीज कोणी नव्हतं. त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पंख्याचा आवाज येत होता की नाही तेही कळत नव्हतं. लेक पुन्हा त्या खडूस बाईबद्दल सांगायला लागली.

थोड्या वेळाने डोळ्यांतल्या पाण्याने चष्मा धुरकटला. मिस्त्रींनी तो काढला आणि सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. खिशातलं फडकं आता चारी टिचबटणं लावून आपल्या जागी बसलं होतं. दुसरं खिडकीबाहेर, दोरीच्या टोकाला, दोन चिमट्यांमध्ये वाळत होतं.

मिस्त्रींनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि लेकीच्या मागोमाग वळण घेतलं.